नानावटी खटल्यातील अपील आणि लोकमत (१९५९-१९६४)

प्रास्ताविक

खुनाच्या आरोपाखाली दोषी ठरलेल्या व्यक्तीस वरिष्ठ न्यायालयाकडे दाद मागण्याची मुभा असावी, हे तत्त्व आधुनिक न्यायव्यवस्थेने केव्हाच मान्य केले आहे. अपील ही आरोपी आणि राज्यसंस्था यांच्यामधील बाब होय; तिसऱ्या कोणाची संमती त्यासाठी लागत नाही. असे असूनही काही अपिले समाज आपलीच मानतो. कधी ती मंजूर व्हावीत म्हणून सभा भरतात, तर कधी ती फेटाळली जावीत म्हणून मोर्चे निघतात. कोणत्या आरोपीच्या वाट्याला पहिली प्रतिक्रिया यावी आणि कोणाच्या वाट्याला दुसरी, हे ठरविणारे घटक न्यायालयाच्या अभिलेखात सापडत नाहीत. ते समाजाच्या रचनेत शोधावे लागतात.

या दृष्टीने कमांडर कावस माणेकशा नानावटी यांच्या खटल्याचा अभ्यास उद्बोधक ठरतो. या खटल्यावर विपुल लेखन झाले, नाटके व चित्रपट निघाले. परंतु बहुतेकांचे लक्ष १९५९ मधील ज्यूरीच्या निकालावर आणि त्यातील प्रेमप्रकरणावर खिळलेले दिसते. इतिहासाच्या अभ्यासकाला त्यापुढील कालखंड अधिक महत्त्वाचा वाटावा. मार्च १९६० ते मार्च १९६४ या चार वर्षांत दोषसिद्ध आरोपीच्या बाजूने उभे राहिलेले लोकमत, राज्यपालांचा अधिकार आणि सर्वोच्च न्यायालय यांच्यात जो संघर्ष झाला त्याचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे. विदर्भातील वाचकाने एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आजचा वाशीम जिल्हा त्या वेळी अकोला जिल्ह्याचा भाग होता आणि १ नोव्हेंबर १९५६ पासून तो मुंबई राज्यात समाविष्ट झाला होता. ज्या राज्यपालांच्या आदेशावरून हा वाद पेटला ते या भागाचेही राज्यपाल होते.

घटना आणि पहिला निकाल

नानावटी हे भारतीय नौदलातील अधिकारी असून 'आयएनएस म्हैसूर' या युद्धनौकेवर दुसऱ्या क्रमांकाच्या पदावर होते. १९४९ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांचा सिल्व्हिया या इंग्रज तरुणीशी विवाह झाला होता व त्यांना तीन अपत्ये होती. नोकरीनिमित्त ते दीर्घकाळ समुद्रावर असत. या काळात सिल्व्हिया आणि मोटारींचे व्यापारी प्रेम अहूजा यांचे संबंध जुळले. २७ एप्रिल १९५९ रोजी सिल्व्हियाने पतीजवळ त्याची कबुली दिली. नानावटींनी पत्नीला व मुलांना चित्रपटगृहात सोडले, जहाजावर जाऊन खोटे कारण सांगून रिव्हॉल्व्हर आणि सहा काडतुसे घेतली, अहूजांच्या कार्यालयात चौकशी केली आणि ते तेथे नाहीत असे कळल्यावर त्यांचे घर गाठले. शयनगृहाचे दार आतून बंद झाले आणि काही क्षणांतच गोळ्यांचे आवाज आले. त्यानंतर नानावटी स्वतः पोलिसांच्या स्वाधीन झाले.

झटापटीत गोळ्या सुटल्या, असा बचाव होता. अहूजा नुकतेच स्नान करून आले होते आणि त्यांच्या कमरेचा टॉवेल मृत्यूनंतरही जागेवरच होता. झटापट झाली असती तर तो सुटला नसता काय, असा सरकार पक्षाचा सवाल होता. हा टॉवेल पुढे मुंबईच्या रस्त्यावर विक्रीचा विषय झाला.

बृहन्मुंबईचे सत्र न्यायाधीश आर. बी. मेहता यांच्यासमोर नऊ जणांच्या विशेष ज्यूरीच्या साहाय्याने खटला चालला. ऑक्टोबर १९५९ मध्ये ज्यूरीने आठ विरुद्ध एक अशा मताधिक्याने आरोपीस निर्दोष ठरविले. सत्र न्यायाधीशांना हा कौल मान्य झाला नाही. कोणताही समंजस मनुष्यसमूह उपलब्ध पुराव्यावरून असा निष्कर्ष काढू शकणार नाही, असे मत नोंदवून त्यांनी १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३०७ अन्वये प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाकडे पाठविले.

उच्च न्यायालयात सरकारची बाजू यशवंत विष्णू चंद्रचूड यांनी मांडली. पुढे ते भारताचे सरन्यायाधीश झाले. न्या. शेलत व न्या. नाईक यांच्या खंडपीठाने ज्यूरीला केलेल्या मार्गदर्शनातील गंभीर उणिवा दाखवून दिल्या. अपघाताचा बचाव घेणाऱ्या आरोपीवर तो शाबीत करण्याचा भार असतो, ही साधी गोष्टही ज्यूरीला नीट सांगितली गेली नव्हती. ११ मार्च १९६० रोजी खंडपीठाने नानावटींना कलम ३०२ खाली दोषी ठरवून जन्मठेपेची शिक्षा दिली.

येथे अपिलाच्या अधिकाराचा एक तांत्रिक मुद्दा लक्षात घेणे आवश्यक आहे. उच्च न्यायालयाने निर्दोषत्वाचा निकाल फिरवून फाशी दिली असती, तर घटनेच्या अनुच्छेद १३४ नुसार सर्वोच्च न्यायालयात अपील करण्याचा हक्क आपोआप मिळाला असता. शिक्षा जन्मठेपेची असल्यामुळे उच्च न्यायालयाचे प्रमाणपत्र किंवा अनुच्छेद १३६ खालील विशेष अनुमती यांपैकी एक मिळविणे भाग होते. प्रमाणपत्र नाकारले गेले. राहिला तो विशेष अनुमतीचा मार्ग, आणि त्या मार्गावर अर्जदाराने आधी शिक्षेच्या स्वाधीन व्हावे, असा सर्वोच्च न्यायालयाचा नियम होता.

राज्यपालांचा आदेश

ज्या दिवशी उच्च न्यायालयाने शिक्षा सुनावली त्याच दिवशी राज्यपाल श्रीप्रकाश यांनी अनुच्छेद १६१ अन्वये ती स्थगित केली. सर्वोच्च न्यायालयातील अपिलाचा निकाल लागेपर्यंत नानावटींना 'आयएनएस कुंजली' येथील नौदलाच्या कोठडीत ठेवावे, अशी त्यात अट होती. उच्च न्यायालयाने काढलेले वॉरंट बजावले न जाताच परत आले.

स्वातंत्र्योत्तर भारताच्या घटनात्मक इतिहासात या आदेशाला स्वतंत्र स्थान आहे. शिक्षा झालेल्या माणसावर दया दाखविण्याचा अधिकार कार्यकारी सत्तेकडे असतो, याबद्दल दुमत नव्हते. प्रश्न होता तो वेळेचा व तत्परतेचा. दयेचा अर्ज, त्यावरील अहवाल, गृहखात्याचे टिपण यांपैकी काहीही नेहमीच्या क्रमाने होण्याइतका अवधी शिक्षा आणि स्थगिती यांच्यामध्ये गेला नव्हता. पंतप्रधान नेहरूंनी आदेशाचे समर्थन करताना नौदलप्रमुखांच्या मताचा हवाला दिला. संरक्षणमंत्री व्ही. के. कृष्ण मेनन यांच्याशी नानावटींचा लंडनपासूनचा परिचय होता, असेही तेव्हा उघडपणे बोलले जात होते. नौदलासारख्या संस्थेने आपल्या अधिकाऱ्यासाठी शब्द टाकावा यात नवल नाही. नवल आहे ते हे की, तो शब्द इतक्या वेगाने राजभवनापर्यंत पोहोचला.

लोकमताचे स्वरूप

या सुमारास नानावटींच्या बाजूचे लोकमत टिपेला पोहोचले होते. त्याचे प्रमुख वाहन रुसी करंजिया यांचे 'ब्लिट्झ' हे इंग्रजी साप्ताहिक होते. नेत्रदीपक मथळे, आरोपीची गणवेशातील छायाचित्रे, माफीसाठीची आवाहने असा मजकूर त्यात अंकामागून अंक येत राहिला. पंचवीस पैशांचा अंक दोन रुपयांस विकला जात असल्याच्या आठवणी प्रसिद्ध आहेत. पदपथांवर 'नानावटी रिव्हॉल्व्हर' नावाची खेळणी आणि 'अहूजा टॉवेल' विकणारे फेरीवाले होते. तरुणींकडून नानावटींना पत्रे व विवाहाचे प्रस्ताव येत असल्याचेही सांगितले गेले. यातील काही कथा वृत्तपत्री अतिशयोक्तीने फुगल्या असतील. तथापि, खुनाच्या आरोपीभोवती असे वलय निर्माण व्हावे, ही वस्तुस्थिती त्यामुळे बदलत नाही.

या लोकमताचे तीन पदर वेगळे करता येतात. पहिला जातीय-सामाजिक. पारशी समाजाने नानावटींना आपला मानले. राज्यपालांच्या आदेशाच्या समर्थनार्थ मुंबईच्या कावसजी जहांगीर सभागृहात हजारोंची सभा झाली. अहूजांची बहीण मामी यांच्या मागे सिंधी समाज उभा राहिला आणि राम जेठमलानी या तरुण सिंधी वकिलाने सरकार पक्षाला साहाय्य केले. फाळणीनंतर निर्वासित म्हणून आलेला सिंधी समाज मुंबईत स्थिरावू पाहत होता, तर पारशी समाज शहराच्या घडणीत दीर्घकाळ अग्रभागी होता. या दोन समाजांच्या आवाजाचे वजन सारखे नव्हते. मात्र ज्यूरीचा निकाल केवळ पारशी प्रभावाचा परिणाम होता असे म्हणणे टिकत नाही. नऊ सदस्यांत पारशी अल्पसंख्य होते.

दुसरा पदर राष्ट्रीय भावनेचा. अवघ्या बारा-तेरा वर्षांच्या स्वतंत्र राष्ट्रात लष्करी गणवेशाला विलक्षण प्रतिष्ठा होती. न्यायालयात पांढऱ्या गणवेशात, पदकांसह उभा असलेला अधिकारी आणि त्याच्या अनुपस्थितीत त्याचे घर फोडणारा श्रीमंत, विलासी व्यापारी असे चित्र वाचकांसमोर उभे करण्यात आले. मृत व्यक्ती आपली बाजू मांडू शकत नाही, याचे भान या चित्रात फारसे आढळत नाही.

तिसरा आणि सर्वांत खोल पदर कुटुंबव्यवस्थेचा आहे. अपराधी कोण, या प्रश्नाचे उत्तर कायद्याने एक दिले आणि बहुसंख्य मध्यमवर्गीय वाचकांनी दुसरेच. पतीचा सन्मान ही पतीची मालमत्ता असून तिच्या रक्षणासाठी केलेला वध क्षम्य होय, ही धारणा आधुनिक शहरात, इंग्रजी वाचणाऱ्या वर्गातही किती दृढ होती हे येथे दिसते. सिल्व्हियाने बचाव पक्षाच्या वतीने साक्ष दिली आणि पतीची साथ सोडली नाही. म्हणून तिलाही समाजाने क्षमा केली. तिने तसे केले नसते तर तिच्याविषयी काय लिहिले गेले असते, याची कल्पना करणे अवघड नाही. मराठी रंगभूमीनेही हा विषय हाताळला. मधुसूदन कालेलकरांच्या 'अपराध मीच केला' या नाटकाचा संबंध याच खटल्याशी जोडला जातो.

या गदारोळात विरोधी सूर नव्हता असे नाही. वकीलवर्गात राज्यपालांच्या आदेशाविषयी तीव्र नापसंती होती. न्यायालयाने दिलेली शिक्षा अमलात येण्याआधीच शासनाने थोपविली तर न्यायदानाला अर्थ काय, हा त्यांचा प्रश्न होता. संसदेतही चर्चा झाली. परंतु हा विरोध तत्त्वाच्या भाषेत बोलत होता आणि तत्त्वाच्या भाषेला रस्त्यावर गिऱ्हाईक नसते. शिवाय महाराष्ट्रापुरते बोलायचे तर मराठी जनतेचे लक्ष दुसरीकडे होते. द्विभाषिक मुंबई राज्याचे विभाजन करणारा कायदा याच आठवड्यांत संसदेसमोर होता आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले.

सर्वोच्च न्यायालयाचे उत्तर

मुंबई उच्च न्यायालयाने राज्यपालांचा आदेश वैध ठरविला; परंतु सर्वोच्च न्यायालयापुढे प्रश्न वेगळ्या रूपात आला. शिक्षेच्या स्वाधीन न होता विशेष अनुमतीचा अर्ज ऐकला जाईल काय? सरन्यायाधीश भुवनेश्वर प्रसाद सिन्हा, न्या. कपूर, न्या. गजेंद्रगडकर, न्या. सुब्बाराव व न्या. वांच्छू यांच्या घटनापीठाने ५ सप्टेंबर १९६० रोजी चार विरुद्ध एक अशा बहुमताने निर्णय दिला. राज्यपालांचा माफीचा अधिकार अबाधित आहे, पूर्ण माफी ते केव्हाही देऊ शकतात. पण प्रकरण सर्वोच्च न्यायालयात दाखल असताना, त्या न्यायालयाच्या नियमांना छेद देईल अशा रीतीने शिक्षा स्थगित करण्यापर्यंत तो अधिकार पोहोचत नाही, असे बहुमताने म्हटले. तेवढ्या काळात शिक्षा थांबवायची की नाही हे न्यायालयाने ठरवायचे. न्या. कपूर यांनी भिन्न मत नोंदविले. नानावटींची रवानगी नौदलाच्या कोठडीतून मुलकी तुरुंगात झाली.

या निकालाचे मर्म असे की, न्यायालयाने अपिलाचा अधिकार नाकारला नाही, तर अपील करणाऱ्या सर्वांना एकाच दारातून आत यावयास सांगितले. ज्याच्या मागे नौदल, साप्ताहिक आणि सभागृहभर जनसमुदाय आहे त्याच्यासाठी निराळे दार ठेवले नाही.

गुणदोषांवरील अपील न्या. एस. के. दास, न्या. सुब्बाराव व न्या. रघुबर दयाळ यांच्यासमोर चालले आणि २४ नोव्हेंबर १९६१ रोजी फेटाळण्यात आले. न्या. सुब्बाराव यांनी लिहिलेल्या निकालपत्रातील 'गंभीर व आकस्मिक प्रक्षोभा'चे विवेचन आजही विधी महाविद्यालयांत शिकविले जाते. आरोपी ज्या समाजस्तरातील आहे त्या स्तरातील समंजस मनुष्याचे मन त्या प्रसंगी कसे वागले असते, ही कसोटी न्यायालयाने स्वीकारली. म्हणजे समाजाची नीतिकल्पना न्यायालयाने सर्वस्वी बाजूला सारली नाही. परंतु कबुलीनंतर नानावटींनी पत्नीला, अहूजा तुझ्याशी विवाह करून मुलांचा सांभाळ करील काय, असे विचारले होते. म्हणजे ते भविष्याचा विचार करीत होते. दुपारी दीडच्या सुमारास घर सोडले तेव्हापासून चार वाजून वीस मिनिटांपर्यंत सुमारे तीन तास गेले होते. मन थाऱ्यावर येण्यास तेवढा अवधी पुरेसा होता, असा न्यायालयाचा निष्कर्ष होता. लोकमत ज्याला क्षणिक उद्रेक म्हणत होते त्याचे घड्याळ न्यायालयाने मांडून दाखविले.

या खटल्यामुळे भारतातील ज्यूरीपद्धती रद्द झाली, असे विधान सर्रास आढळते. ते अर्धसत्य आहे. अनेक प्रांतांतून ज्यूरी आधीच हद्दपार झाली होती आणि विधी आयोगाने १९५८ च्या चौदाव्या अहवालात तिच्या समाप्तीची शिफारस केली होती. काही ठिकाणी ती या खटल्यानंतरही टिकून राहिली. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला स्थान उरले नाही. नानावटी खटल्याने मरणोन्मुख पद्धतीवर शेवटचा ठळक आघात केला, इतकेच म्हणता येईल.

लोकमताची दुसरी दिशा

नानावटींच्या अपिलाला लाभलेली सहानुभूती हा अपवाद होता, हे महाराष्ट्रातील नंतरच्या दोन प्रकरणांवरून स्पष्ट होते. पुण्यात १९७६-७७ मध्ये झालेल्या जोशी-अभ्यंकर हत्याकांडातील चार तरुणांना १९७८ मध्ये सत्र न्यायालयाने फाशी सुनावली. त्यांची अपिले फेटाळली गेली आणि २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवडा कारागृहात शिक्षा अमलात आली. संध्याकाळी घराबाहेर पडण्यास धास्तावलेल्या पुणेकरांच्या दृष्टीने अपिलांची प्रत्येक पायरी म्हणजे केवळ विलंब होता. तेथे आरोपींना गणवेश नव्हता आणि मृत व्यक्ती मध्यमवर्गीय वाचकाच्या ओळखीच्या घरांतील होत्या.

विदर्भाच्या स्मृतीत अधिक ताजे उदाहरण खैरलांजीचे आहे. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील मोहाडी तालुक्यातील या गावी एका दलित कुटुंबातील आई, मुलगी व दोन मुलगे यांची निर्घृण हत्या झाली. त्या वेळी सुरुवातीचे काही आठवडे मुख्य प्रवाहातील वृत्तपत्रांनी घटनेची पुरेशी दखल घेतली नाही. नोव्हेंबरमध्ये विदर्भात मोर्चे निघाल्यावरच तिचे गांभीर्य राज्याला कळले. सप्टेंबर २००८ मध्ये भंडारा येथील न्यायालयाने सहा आरोपींना फाशी व दोघांना जन्मठेप दिली, परंतु अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे कलम लागू होत नसल्याचे ठरविले. १४ जुलै २०१० रोजी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने अपिलात फाशीऐवजी पंचवीस वर्षांच्या सक्तमजुरीची शिक्षा दिली. या निकालावर दलित संघटनांत जी निराशा व्यक्त झाली तिचा रोख केवळ शिक्षेच्या प्रमाणावर नव्हता. हत्येमागील जातीय हेतू न्यायालयाने मान्य केला नाही, हे शल्य अधिक तीव्र होते.

या दोन प्रतिक्रियांमधील अंतर सूक्ष्मपणे पाहावे लागते. १९६० मध्ये मुंबईत एका सभेचा आवाज राजभवनाच्या सुरात सूर मिसळीत होता. २००६ मध्ये खैरलांजीच्या बाबतीत मृतांच्या बाजूने बोलणाऱ्यांना आधी आपला आवाज ऐकू यावा म्हणूनच रस्त्यावर यावे लागले. 'लोकमत' हा शब्द एकवचनी असला तरी त्यामागचे लोक एक नसतात.

माफी

सर्वोच्च न्यायालयाचा निकाल अंतिम होता. पण घटनापीठाने म्हटल्याप्रमाणे पूर्ण माफीचे दार उघडे होते. 'ब्लिट्झ'ची मोहीम सुरूच राहिली. प्रकृतीच्या कारणावरून १९६३ मध्ये नानावटींना तुरुंगाबाहेर, लोणावळ्यात राहण्याची मुभा मिळाली. अडचण होती ती सिंधी समाजाच्या प्रतिक्रियेची. त्याच सुमारास भाई प्रताप या सिंधी व्यापाऱ्याचा माफीचा अर्ज शासनापुढे होता. ते स्वातंत्र्यसैनिक व गांधीधाम वसाहतीचे एक संस्थापक होते आणि आयात परवान्यांच्या गैरवापराबद्दल त्यांना शिक्षा झाली होती. जेठमलानी यांनी पुढे सांगितलेल्या हकिकतीनुसार, नानावटींच्या बाजूने वकील रजनी पटेल व स्वतः सिल्व्हिया त्यांच्याकडे आल्या आणि मामी अहूजांची संमती मिळवून देण्याची विनंती केली. मामींनी आपली हरकत नसल्याचे लिहून दिले. मार्च १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी नानावटी आणि भाई प्रताप या दोघांनाही माफी दिली.

दोन समाजांचे समाधान होईल अशी ही योजना राजकीयदृष्ट्या कुशल होती, यात शंका नाही. मात्र खुनाच्या शिक्षेतील दया आणि परवान्यांच्या गुन्ह्यातील दया एकमेकींच्या तोलावर ठेवली गेली, आणि ज्यांच्या मागे कोणताही समाज, कोणतेही वृत्तपत्र नव्हते अशा जन्मठेपेच्या कैद्यांचे अर्ज या तराजूत आले नाहीत. मृताच्या बहिणीची संमती मात्र मागितली गेली, ही या व्यवहारातील एकमेव अशी बाब की जिच्यात अहूजा कुटुंबाचे अस्तित्व मान्य झाले.

१९६८ मध्ये नानावटी कुटुंब कॅनडात स्थायिक झाले. २००३ मध्ये नानावटींचे तेथेच निधन झाले. शिक्षा झालेल्या अर्जदाराने आधी स्वाधीन व्हावे, मग आपले म्हणणे मांडावे, किंवा त्यातून सूट हवी असल्यास ती न्यायालयाकडेच मागावी, हा नियम मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या नियमावलीत आजही कायम आहे.